बिनकलमी आसव

आश्विन वद्य ३, शके १८०९. कल्याण.

आज सभेत टाळ्या पडल्या, आणि त्या माझ्यासाठी. आयुष्यभर कोर्टात नाजर म्हणून राबलो, पण 'बरे केलेत' असे म्हणायलादेखील कुणाची जीभ उचलली नाही. आता पेन्शनीत टाळ्या.

पुढे घोटाळा नको म्हणून आधीच लिहून ठेवतो. (वाचणारा मीच, पण कोर्टाची सवय जात नाही.) या रोजनिशीत मंडळी दोन आहेत. बाहेरची मंडळी म्हणजे आमची कल्याणची मद्यनिषेधक मंडळी. तिचा मी चिटणीस. घरची मंडळी म्हणजे आमचे कुटुंब. तिचा मी मालक.

बाहेरच्या मंडळीला सभेसाठी जागा हवी आहे. अध्यक्ष विनायकराव टिपणीस, ज्यांना सगळा गाव रावसाहेब म्हणतो, आज म्हणाले की जो जागा देईल त्याच्याकडेच माझ्यामागे ही खुर्ची जावी. मी ताडकन उठून आमचे परसू देऊन टाकले. टाळ्या त्याच्याच.

अडचण एकच. परसात पांगाऱ्यावर चढलेली द्राक्षाची वेल आहे. ती तोडल्याखेरीज खोली उभी राहत नाही. काळ्या द्राक्षाची वेल, नाशकाकडे हिला हबशी म्हणतात. घरची मंडळी लग्न होऊन नाशकाहून आली तेव्हा आगगाडीत मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी घेऊन बसली होती, तीच ही. पाने भरपूर, फळ कधी मूठभर, कधी तेही नाही.

घरी येऊन सांगितले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "इकडून ठरवलंच आहे का?"

"ठरवलं आहे."

"मग गुढीपाडव्यापर्यंत तरी राहू दे. तोवर घराला उपयोगी असं तिनं काही दिलं तर ठेवावी. नाही तर कुऱ्हाड मी स्वतः आणून देईन."

हे मला न्यायाचे वाटले. आरोपीलासुद्धा मुदत मिळते. मी हो म्हटले.

आश्विन वद्य ११.

वेलीची छाटणी करावी असे आज माझ्या मनात आले. (परवा जेवताना घरची मंडळी "नाशकाला या दिवसांत छाटतात" असे काहीसे पुटपुटली होती, पण कल्पना माझी.) मुळ्या उघड्या करून ऊन दिले. छाटल्यावर वेल अशी दिसते की जणू सरकारने जप्ती केली.

रावसाहेब येऊन पाहून गेले. ते वर्तमानपत्रे फार वाचतात. म्हणाले, फ्रान्स देशात एका बारीक किड्याने सगळ्या द्राक्षवेलींच्या मुळ्या खाल्ल्या. आता तिकडचे लोक अमेरिकेचा खुंट आणून त्यावर आपल्या वेलीचे कलम बांधतात. "नाजर, तुम्हीही कलम करून पाहा."

घरची मंडळी दाराआडून म्हणाली, "नको. ती आपल्या मुळावर आहे, आपल्याच मुळावर राहू दे." बायकांना शास्त्र कुठून कळणार! पण कलम करणारा माळी आणायला ठाण्याला जावे लागले असते, म्हणून मीही नको म्हटले.

कार्तिक शुद्ध ८.

वेलीला निंबाची पेंड घातली. कोळीवाड्यातली भागीरथी टोपलीने आणून देते. कोळ्यांनी तेलाचा घाणा केव्हा घातला कोण जाणे, विचारायला हवे. पेंडीला वास फार उग्र. घरची मंडळी म्हणते, ओली पेंड असाच वास मारते. आळीतली सगळी मांजरे आमच्या परसात बसून आहेत. निंबाचा गुण मांजरालाही कळतो, हे मला नवीन होते.

पौष वद्य २.

घोस लागले! मोजायला गेलो आणि चुकलो, इतके लागले. पांगाऱ्याचा खुंट वाकला आहे. मी आज परसात विनाकारण तीनदा जाऊन आलो. मला आनंद झाला हे कबूल करतो, चिटणिसाला शोभो न शोभो.

माघ शुद्ध १२.

रावसाहेबांनी आनंदावर पाणी ओतले. एक मणी तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा चिंचेसारखा झाला. म्हणाले, "आंबट आहे. गोड होईपर्यंत कावळे खातील, आणि उरलं ते आठवड्यात नासेल. याला उपयोगी म्हणत नाहीत, नाजर. पाडव्याला पाया खणू."

मुद्दा कायद्याला धरून होता. संध्याकाळी घरच्या मंडळीचे गुडघे एकाएकी दुखू लागले आणि बाळशास्त्री वैद्यांना बोलवावे लागले.

शास्त्रीबुवांनी नाडी धरली, परसाकडे पाहिले, पुन्हा नाडी धरली आणि म्हणाले, "द्राक्षासव."

"बाजारात मिळतं?" मी विचारले.

"मिळतं ते गुळाचं पाणी. खरं करावं लागतं. टिकतं मात्र वर्षानुवर्षं, आणि जितकं जुनं तितकं गुणी."

टिकते! मग वेल उपयोगी नाही कशी? मी तिथेच जाहीर केले की आम्ही आसव करणार. घरची मंडळी म्हणाली, "इकडून सुचेल ते खरं." गुडघ्यांना तेवढ्यानेच आराम पडला. बाळशास्त्र्यांच्या हातालाच गुण आहे.

फाल्गुन शुद्ध २.

आज आसव घातले. सगळी कृती जुन्या रीतीने.

शास्त्रीबुवांच्या पोथीप्रमाणे आधी द्राक्षांचा काढा करायचा. घरची मंडळी म्हणाली, सरपण ओले आहे, धुराने सगळ्यांचे डोळे जातील. तसेच कुस्करले तर? शास्त्रीबुवा म्हणाले, तसे पोथीत नाही. मग तिने त्यांना पुरणपोळी वाढली. दुसऱ्या पोळीनंतर ते म्हणाले की पोथ्यांत पाठभेद असतात.

साली आणि देठ मी फेकायला निघालो, तर ती म्हणाली, सालीतच गुण असतो, देठ तेवढे काढा. मोठ्या परातीत आम्ही दोघांनी हातांनी घोस कुस्करले. कोपरापर्यंत लाल झालो. ती हसली. हे असे हसणे मी किती वर्षांनी ऐकले ते आठवेना, म्हणून मुद्दाम हळूहळू कुस्करत बसलो.

मग मातीचा रांजण आतून तुपाने माखला, धूप दिला, त्यात रस सालींसकट ओतला, मलंगगडाकडून आणवलेली धायटीची फुले आणि थोडा गूळ घातला. आसव उठते ते त्या फुलांनी, असे शास्त्रीबुवा म्हणाले. उठते म्हणजे काय ते मी विचारले नाही. तोंडाला कापड बांधून वरून माती लिंपली, वाफेला सुईएवढी वाट ठेवली, आणि रांजण भाताच्या कणगीत गळ्यापर्यंत पुरला. पाडव्याला उघडायचे.

फाल्गुन शुद्ध ७.

कणगीत कुणीतरी बोलते आहे. मी कान लावला. आतून बुडबुड, खुसखुस. उंदीर म्हणावा तर दाणे जागच्या जागी. घरच्या मंडळीला सांगितले, तर म्हणाली, "औषध आहे. गुण येताना बोलतंच."

चैत्र शुद्ध १, शके १८१०. पाडवा.

गुढी उभारली आणि रांजण उघडला. साक्षीला रावसाहेब आणि बाळशास्त्री. आसव वस्त्रगाळ केले. रंग गर्द लाल, पिकलेल्या कोकमाच्या सालीसारखा. वास असा की सगळे एकदम पुढे वाकले.

मी चाखले नाही. चिटणीस झालो तेव्हा तुळशीपत्र हाती घेऊन शपथ घेतली आहे की संशय येईल असा कोणताही द्रव जिभेला लावणार नाही. संशय मला नाही, पण रंग लाल आहे. तेव्हा दूरच बरे.

शास्त्रीबुवांनी पळीभर घेतले. डोळे मिटले. मग निदान पक्के करण्यासाठी आणखी पळीभर घेतले. मग रावसाहेबांची नाडी पाहून म्हणाले, "तुमचा जठराग्नी मंद आहे." रावसाहेबांनी औषध म्हणून, माझ्या समक्ष, तोंड वाकडे करून वाटी घेतली. पुढे तोंड सरळ झाले आणि सरळच राहिले.

वेल उपयोगी ठरली. खोलीचा पाया पुढच्या वर्षावर गेला. घरची मंडळी गुढीपुढे डोळे पुसत होती. धूर लागला असेल.

चैत्र वद्य ५.

कल्याणात अशक्तपणाची साथ आली आहे. पारनाक्यावर धडधाकट दिसणारी माणसे आमच्या ओसरीवर येऊन पोट, पाठ, डोके धरतात. बाळशास्त्री सगळ्यांना एकच औषध सांगतात. गुण मात्र विलक्षण! रावसाहेबांचा जठराग्नी सकाळ-संध्याकाळ मंद होतो, पण दारूविरुद्ध त्यांचे परवाचे भाषण आजवरच्या भाषणांत सर्वोत्तम झाले. बोलता बोलता रडले. पुढच्या रांगेतल्या एका ताडीवाल्याला त्यांनी मिठीही मारली. काल तर ते शेणाळ्याच्या तळ्यावरून स्वतः खांद्यावर कळशी घेऊन येताना दिसले. मागून त्यांचे कुटुंब रिकाम्या हाताने. व्यायाम म्हणाले.

आज आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू झाले. यंदाचे पन्हे तांबूस होते. घरच्या मंडळीला विचारले, तर म्हणाली, कैऱ्या पाडाच्या होत्या. बायका एवढ्या हसत होत्या की रस्त्यावर माणसे थांबली. रावसाहेबांच्या कुटुंबाने नाव घेतले ते मला ओसरीवर ऐकू आले:

"पांगाऱ्याच्या खांद्यावर द्राक्षाची वेल,
विनायकरावांच्या भाषणाला किती जाळू तेल!"

त्यांनी ते पुन्हा घेतले, कुणी आग्रह न करता.

रांजणातले आसव फार उतरले आहे. कच्ची माती पाणी पिते, हे ठाऊक होते. पण इतके?

वैशाख शुद्ध ४.

घात झाला. भागीरथी भर बाजारात मासळीच्या टोपलीशी बसून गिऱ्हाइकाला सांगत होती, "नाजरदादाच्या घरची दारू पयल्या धारेची हाय. कोळीवाड्यान आशी नाय मिलाची." आणि हे ती कौतुकाने सांगत होती! ते आमच्या दोघा सभासदांनी ऐकले. त्यांना अजून अशक्तपणा आलेला नाही, म्हणून ते फार कडक आहेत.

रविवारी आमच्याच परसात चौकशी बसणार. दारू ठरली तर रांजण फुटेल, वेल मुळासकट उपटली जाईल आणि माझे नाव मंडळीच्या पटावरून जाईल. जातीत ग्रामण्य होऊन वाळीत पडेन ते वेगळेच. रावसाहेबांचा रंग उडाला आहे. शास्त्रीबुवा दोन दिवस परगावी गेले ते आलेलेच नाहीत.

मी घरी येऊन बडबडलो. म्हटले, चौकशी कशाला, आजच वेल तोडून टाकतो, म्हणजे प्रकरण मिटेल. निदान नाव तरी राहील.

घरची मंडळी वाद घालत बसली नाही. इतकेच म्हणाली, "नाशकाला आता दादा नाही. घर विकलं. मळाही गेला. तिथलं म्हणून माझ्याकडे एवढंच उरलंय."

मला फार वाईट वाटले. इतक्या वर्षांत मी ती वेल पाहिली, पण ती काय आहे ते पाहिले नाही. मी कुऱ्हाड शेजारी देऊन आलो, परत मागितली तरी देऊ नका असे सांगून.

वैशाख शुद्ध ७.

सकाळी भागीरथी पेंड घेऊन आली. दोघी परसात बराच वेळ कुजबुजत होत्या. जेवताना घरची मंडळी भात वाढत म्हणाली, "इकडच्या त्या नियमांच्या चोपडीत आपल्या वेलीसाठी कलम आहे का हो? वेलीला तर नाही." बायकांच्या शंका! मी चोपडी वाचत बसलो होतो, लक्ष दिले नाही.

दुपारी सभा भरली. वेलीच्या सावलीत रांजण ठेवला. कडक सभासद एक पहार घेऊन आले होते. भागीरथीला साक्षीला उभे केले.

मी विचारले, "भागीरथी, खरं सांग. ही दारू आहे का?"

"आवो नाजरदादा, चाखल्याबिगर कसा सांगू?"

वाटी दिली. तिने रिकामी केली. "एका घोटान नाय समजत." दुसरी दिली. ती वेलीकडे पाहत राहिली. "आजून जरा." तिसऱ्या वाटीनंतर पदराने तोंड पुसून म्हणाली, "दारू नाय ही."

"मग बाजारात काय बोललीस?"

"बोलली आसन, गिऱ्हाइकाला खुश कराला. पन दारू मना ठावं हाय. दारू पिऊन आमचा दादला मना शिव्या देतंय. ही पिऊन रावसायेब तलावावर बायकोला बोलले, 'तुमी दमलाव, कळशी माज्याकडं द्या.' मी या कानान आयकलाय. दारू पिऊन कोन आसा बोलल?"

सभा रावसाहेबांकडे पाहू लागली. रावसाहेब पांगाऱ्याकडे पाहू लागले. दाराआडून हसण्याचा आवाज आला. ते टिपणिसांचेच कुटुंब असावे.

मग एक कडक सभासद उठला. "नाजर, विलायती वाइन द्राक्षाचीच असते ना? आणि विलायती दारू आपल्या नियमांत आहे."

पहार वेलीच्या बुंध्याला टेकलेली दिसत होती. दारातल्या फटीतून एक काकण दिसत होते, अगदी स्थिर. आणि एकाएकी मला सुचले, माझे मलाच. मी चोपडी उघडली.

"कलम दुसरे," मी मोठ्याने वाचले. "गाळलेली दारू, ताडी, माडी, विलायती दारू, भांग, गांजा व अफू यांस सभासदाने शिवू नये. आता पाहा. हे आसव भट्टीवर गाळलेले नाही. झाडाला मडके बांधून उतरवलेले नाही. आणि विलायती म्हणाल, तर विलायतेतल्या वेली आता कलमी आहेत, असे खुद्द अध्यक्षांनी याच जागी सांगितले. आमची वेल बिनकलमी. ज्या वेलीला कलमच नाही, तिला आमचे कलम लागू पडेल कसे?"

कडक सभासदाचे तोंड उघडे होते. त्याने ते मिटायच्या आत रावसाहेब कडाडले, "लागू पडत नाही! कलम लागू पडत नाही. औषध मात्र लागू पडतं, हे मी अनुभवानं सांगतो."

तरी कुणीतरी म्हणालेच की शेवटचा दाखला निष्पक्षपाती माणसाचा हवा. तेव्हा असे निघाले की या सभेत आसव न चाखलेली माणसे तीनच: ते दोघे आणि मी. मी तुळशीपाशी उभा राहून शपथेवर सांगितले की माझ्या माहितीप्रमाणे हे औषध आहे. पहार घेऊन आलेले पहार घेऊन गेले. जाताना एकाने शास्त्रीबुवा केव्हा परततात ते विचारले. त्याच्या कमरेत उसण भरली होती.

ठराव झाला: खोली बांधण्याची जरुरी नाही. बैठका येथेच, वेलीखाली, दर शनिवारी. अध्यक्षपद रावसाहेब प्रकृती सांभाळून पुढेही चालवतील. मला औषध-व्यवस्थापक नेमले. खुर्ची गेली, पण वाद मी जिंकला. इतका नामी मुद्दा मला कुठून सुचला याचे माझे मलाच कौतुक वाटते.

ज्येष्ठ शुद्ध ३.

खोकला झाला. घरची मंडळी वाटी घेऊन आली.

"मला नको. माझी शपथ आहे."

"शपथ संशयाच्या द्रवाची. इकडूनच तुळशीपाशी सांगितलंत ना, औषध आहे म्हणून? मग संशय कसला?"

आम्ही दोघे वेलीखाली बसलो होतो. मी घेतले. आधी आंबट, मग जांभळाच्या सालीसारखे तुरट, मग छातीत कुणीतरी हलकेच दिवा लावावा तसे. दुसऱ्या वाटीला खोकला थांबला. तिसऱ्या वाटीला सगळे उलगडले. रावसाहेबांची कळशी उलगडली. तांबूस पन्हे उलगडले. कच्ची माती किती पिते आणि बाकीचे कोण पिते, तेही उलगडले. कोळीवाड्यात तेलाचा घाणा नाही, कधीच नव्हता, आणि मांजरे काही निंबावर बसली नव्हती. शिव शिव! आमच्या ब्राह्मणाच्या परसात!

तिच्याकडे पाहिले. तिचे ओठ लाल होते. गेले दोन महिने ती मला विडा खाल्ला म्हणून सांगते.

"हे औषध नव्हे," मी म्हणालो.

ती खाली पाहून म्हणाली, "मला नाशकाहून आणलंत तेव्हा कुठं कलम केलं होतं? काडीसारखी आणली, इथं रोवली. पाणी घातलं तर घातलं. रुजले ना? फळ उशिरा आलं, एवढंच." आणि थोड्या वेळाने, "आता उद्या सभेत सांगायचं असेल तर सांगावं. मी अडवणार नाही."

मला रडू आले. आसवाचा दोष असेल, पण तसे मी लिहिणार नाही. मला रडू आले ते तिच्यासाठी आले.

तुळशीपाशी खोटे बोललो हे खरे. पण बोललो तेव्हा मला ते खरेच वाटत होते, आणि आता खरे सांगायचे तर वेल जाईल. बाहेरच्या मंडळीला शब्द दिला आहे. घरच्या मंडळीला अग्नीपुढे दिला होता, तो आधीचा आहे. कोर्टात आधीचा दस्त वरचढ ठरतो. मी नाजर होतो, मला हे ठाऊक असायला हवे होते.

"कशावर लागू पडतं हे औषध?" तिने विचारले. ती हसू दाबत होती.

"नाजरावर," मी म्हणालो आणि वाटी पुढे केली.